तुम्ही विचारलंत म्हणून : मीटरवरचा लाल दिवा

ठाण्यात पाचपाखाडीतल्या आमच्या सोसायटीत वीजबिलं तळमजल्यावरच्या पेटीत पडतात, आणि आपलं शोधताना दुसऱ्याचं वाचू नये असा काही नियम नाही. त्यामुळे आमचं बिल निम्म्या बिल्डिंगला पाठ आहे. एरवी महिन्याला 130-140 युनिट, मे महिन्यात 240च्या आसपास. घरात चार माणसं. एसी, गीझर, वॉशिंग मशीन सगळं आहे. मग लिफ्टमध्ये कुणीतरी विचारतंच, "काकू, तुम्ही नेमकं काय काय बंद केलंत?" आणि मागोमाग दुसरा प्रश्न, जरा खोचक: "एवढं करून त्या ग्लोबल वॉर्मिंगला काही फरक पडतो का हो?" तेवढ्यात चौथा मजला येतो आणि उत्तर अर्धंच राहतं.

बंद असं फारसं काही केलं नाही. आधी मोजलं.

इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकत असतो. एका युनिटमागे तो किती वेळा लुकलुकणार, ते मीटरवरच छापलेलं असतं. आमच्या मीटरवर 3200 आहे. दोन वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मी मोबाइलवर स्टॉपवॉच लावून मीटर रूममध्ये उभी राहिले आणि लेकीला वर घरात बसवलं. फोनवरून सांगायचं, "सगळं बंद कर, आता फक्त हॉलचा पंखा लाव." मिनिटाला चार. "आता गीझर." दिवा असा थडथडायला लागला की मोजताना जीभ अडखळली, सेकंदाला जवळजवळ दोन. वॉचमनला वाटलं मी मीटरमध्ये काहीतरी फेरफार करतेय. तो सेक्रेटरींना घेऊन आला. आता सेक्रेटरीही स्वतःचा मीटर मोजतात, ते सोडा.

त्या दुपारी एक गोष्ट कळली. घरात आम्ही ज्यावरून भांडत होतो त्यात काही दम नव्हता. आमच्या ह्यांचा सगळा राग मोबाइलच्या चार्जरवर. "फोन काढला की बटण बंद करा" हे वाक्य रोज सकाळ-संध्याकाळ. आता एक फोन वर्षभर रोज चार्ज केला तरी दहा युनिटांच्या आत काम भागतं. आणि हिवाळ्यात चार माणसांनी दहा-दहा मिनिटं गरम शॉवर घेतला, तर तेवढी वीज दोन दिवसांत संपते. सांगितल्यावर ते गप्प झाले. चार्जर अजूनही बंद करतातच, सवय.

गीझरचं मला जास्तच लागलं, कारण त्यातला व्यवहारच वेड्यासारखा आहे. आपल्याकडची बरीचशी वीज अजून कोळशाची. तिकडे चंद्रपूरला 2920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र. तिथे कोळसा जाळायचा, त्यावर पाणी उकळायचं, वाफेने टर्बाइन फिरवायचं, जळालेल्या कोळशातली साधारण दोन तृतीयांश उष्णता तिथेच वाया जाऊ द्यायची, उरलेल्याची वीज करून तारांवरून सगळीकडे पाठवायची, आणि ठाण्यात आपण तिच्यावर परत काय करायचं तर पाणी तापवायचं! देशभरातली सगळी वीज एकत्र धरली, तर एका युनिटमागे साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. आम्ही बादलीवर आलो. बादलीभर कोमट पाण्याला पाव युनिट पुरतं. मार्च ते जून तर गीझरचं बटणच बंद, कारण गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल असं येतं. सासूबाईंना मात्र बाराही महिने कढत पाणी लागतं आणि ते त्यांना मिळतं. ऐंशीच्या माणसाला हवामानबदल समजावत बसण्याइतकी मी अजून बिघडलेले नाही.

पंखे बदलले. हा एकच खर्च मी लोकांना डोळे मिटून सांगते. जुना पंखा 75 वॉटचा, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, 30च्या आसपास. मीटरवर मिनिटाला चारच्या जागी जेमतेम दीड. ठाण्यात पंखा काही जानेवारीतही पुरता थांबत नाही. आमचे चार पंखे रोज सरासरी बारा तास धरले, तर महिन्याला साठेक युनिट वाचतात. एसी 26 वर ठेवतो आणि सोबत पंखा लावतो. खाडीकडून येणाऱ्या दमट हवेत अंगावरचा घामच वाळत नाही, खरा त्रास तो आहे. वारं लागलं की 26 पुरतात. 2020पासून नवे एसी मुळात 24 वर सुरू होतील असेच विकायचे असा नियम आहे, पण रिमोट हातात आला की लोक 18 करतात आणि वर दुलई घेतात. दुलई घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही.

भिजवलेली डाळ, कुकर, झाकण ठेवून शिजवणं, हे तुमच्या आजीनेही केलंय, त्याबद्दल मी काय सांगू. शिळ्या पोळीचा कुस्करा आमच्याकडे आठवड्यातून दोनदा असतो. ओल्या कचऱ्याची गोष्ट मात्र आम्हाला महागात पडली. कचरा ढिगाऱ्यात दबून, हवा न लागता कुजला की मिथेन वायू होतो, तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या कितीतरी पुढे. इथल्या दिवा गावात वर्षानुवर्षं ठाण्याचा कचरा पडत होता, त्याचा वास लोकलमध्ये बसून घेतलेल्यांना वेगळं सांगायला नको. म्हणून हौसेने सोसायटीत खतासाठी दोन पिंप आणली. पंधरा दिवसांत तोच वास आमच्या पार्किंगमध्ये! चूक साधी होती: नुसती ओली सालं टाकत गेलो, सुका पालापाचोळा घातलाच नाही. एका काकांनी पत्र लिहिलं, पिंप गेली. आता माझी एकटीची बादली बाल्कनीत आहे, नारळाच्या शेंड्या कुस्करून घालते.

आता तो खोचक प्रश्न. फरक पडतो का?

बिलाचा हिशेब मी डायरीत कार्बन डायऑक्साइडच्या किलोमध्येही लिहायला लागले. 135 युनिट म्हणजे साधारण 95 किलो. छाती फुगली. मग एका संध्याकाळी सहज ह्यांच्या गाडीचं गणित मांडलं. ऑफिस नवी मुंबईत तुर्भ्याला, येऊनजाऊन तीसेक किलोमीटर, ऐरोलीचा ट्रॅफिक धरून रोज दोन लिटर पेट्रोल. एक लिटर पेट्रोल जळलं की सव्वादोन किलोच्या वर. महिन्याचे 22 दिवस धरले तर शंभर किलो! म्हणजे गाडीत बसलेला एक माणूस आणि फ्रिजपासून एसीपर्यंतचं माझं अख्खं घर, दोघं सारखेच. आणि मी पंख्यांवरून शेजाऱ्यांना शिकवत फिरत होते.

ठाण्याहून तुर्भ्याला ट्रान्स-हार्बरची सरळ लोकल आहे, 2004पासून. हे आम्हाला माहीत नव्हतं थोडंच? पण गाडी घेतली होती ना, मग ती वापरायची. त्यावरून घरात आठवडाभर अबोला झाला, कारण मी डायरी जेवणाच्या टेबलावर उघडी ठेवली होती. शेवटी पासाने काम केलं, मी नाही: महिन्याचा पास आणि महिन्याचं पेट्रोल शेजारी मांडल्यावर तेच म्हणाले, "बघतो." आता आठवड्यातले चार दिवस लोकल. मुसळधार पावसात गाडी निघते आणि मी तेव्हा काही बोलत नाही.

म्हणून लिफ्टमध्ये बिल विचारणाऱ्याला मी उलट विचारते, गाडी रोज नेता का? तिथे संभाषण थंडावतं. बिल कमी करण्याच्या युक्त्या सगळ्यांना हव्या असतात, पण जे बिलावर छापून येत नाही त्याबद्दल कुणाला ऐकायचं नसतं. मलाही नव्हतं.

याच डिसेंबरात नागपूरला भाचीचं लग्न आहे. विमानाने गेलो तर माणशी एका बाजूचे 70-80 किलो, चौघांचे जाऊन-येऊन सहाशेच्या घरात. म्हणजे आमची सहा महिन्यांची वीज. जाताना विदर्भ एक्सप्रेसची चार तिकिटं काढली आहेत, सासूबाईंना लोअर बर्थ मिळालाय. येताना मात्र लेकीची दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षा आहे, त्यामुळे विमान. डायरीत त्या तारखेसमोर मी आधीच 300 लिहून ठेवलंय, पेन्सिलने, कारण सासूबाईंचं अजून ठरत नाहीये की त्या विमानात बसणार की नागपूरलाच महिनाभर राहणार.