दिवसभर घरात कोण असणार?

जानेवारीत नोकरीचं पत्र आलं आणि मी आधी मोबाइलवर नकाशा उघडला. प्रयोगशाळा अंधेरी पूर्वेला, चकाला मेट्रो स्टेशनपासून चालत आठ मिनिटांवर. मिरजेत एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये मी चौदा वर्षं काम केलं, तेव्हा घरून स्कूटरवर सात मिनिटांत पोचायचे. वय एकोणचाळीस, घरात आई आणि मी. आई सदुसष्टची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली, दोन्ही गुडघे दुखणारे. तिला मिरजेत एकटं ठेवून मुंबईला जायचं नाही, एवढं ठरलेलं होतं. बाकी सगळं ठरायचं होतं.

मार्च महिना मी डोंबिवलीला मावशीकडे राहून काढला. मावशीला तीस वर्षं झाली तिथे. ‘इथंच घे गं खोली, ताईला माझी सोबत होईल,’ असं ती पहिल्या दिवसापासून म्हणत होती आणि भाड्याचा विचार केला तर तिचं बरोबरच होतं. तिच्या शेजारच्या इमारतीत लिफ्ट असलेला वन बीएचके चौदा हजारांत मिळत होता. अंधेरीत त्याच्या दुपटीहून जास्त पैसे मोजून एजंट मला वन आरके दाखवत होता. माझी मर्यादा सत्तावीस हजारांची.

पण महिनाभर रोज तो प्रवास केला आणि त्यातून जे कळलं ते नकाशात दिसणारं नव्हतं. डोंबिवलीहून घाटकोपर, तिथे पूल चढून मेट्रो, मग चकाला. अंतर काही फार नाही. प्रश्न गाडीत शिरण्याचा. सकाळी गर्दीच्या वेळेला जलद गाडी येते ती कल्याणच्या पलीकडून भरूनच. लेडीज डब्याच्या दाराशी पाय ठेवायला जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर पुढची गाडी. घाटकोपरला उतरायचं तर ठाणं गेल्यापासूनच दाराकडे सरकायला लागायचं. घाटकोपरला मेट्रोत जायलाही पुन्हा रांग. मेट्रोची ही पहिली मार्गिका २०१४ साली सुरू झाली. वर्सोवा ते घाटकोपर, साडेअकरा किलोमीटरच्या आत बारा स्टेशनं, पण गाड्या चारच डब्यांच्या. सातला घर सोडून मी संध्याकाळी आठला परत यायचे. आल्यावर मावशी ताट वाढायची आणि मी जेवता जेवता झोपायची.

तरीही तेव्हा मी फक्त माझ्या तासांचा हिशोब करत होते. तो करता करता मी एक चूक केली आणि त्यात पैसेही गेले.

घोडबंदर रोडला एक घर पाहिलं. चौदावा मजला, गॅलरीतून येऊरचे डोंगर दिसत होते, स्वयंपाकघरात भरपूर उजेड. रविवारी दुपारी पाहिलं, रस्ता मोकळा होता, एजंटची गाडी ठाणे स्टेशनहून वीस मिनिटांत पोचली. मी तिथल्या तिथे पाच हजार टोकन देऊन टाकलं. पुढच्या आठवड्यात आई मिरजेहून महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याणला उतरली, दोन दिवस मावशीकडे थांबली आणि मी सुट्टी घेऊन तिला ते घर दाखवायला घेऊन गेले. सोमवार होता. स्टेशनवरून निघून पोचायला पाऊण तास लागला. जाहिरातीत लिहितात ‘ठाणे’, पण मानपाडा, पातलीपाडा, कासारवडवली ही सगळी नावं स्टेशनपासून किती लांब आहेत, हे रिक्षात बसल्याशिवाय समजत नाही.

आईने घर बघितलं. खोल्या आवडल्या तिला, तसं म्हणालीही. मग ती दार उघडून बाहेर पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. सहा दारं, सगळी बंद. पाच-सात मिनिटं ती तशीच उभी होती. आत आल्यावर मला म्हणाली, ‘तू सकाळी गेलीस की मी इथून खाली कशासाठी उतरायचं?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. फाटकाबाहेर आठ पदरी वाटावा असा रस्ता, मेट्रोच्या खांबांचं काम चाललेलं, तो ओलांडल्याशिवाय भाजी नाही. मी या घरात जागी असेन ती रोज चार-पाच तास. ती असेल पूर्ण दिवस. आणि घर शोधताना मी घड्याळ लावलं होतं ते माझ्या येण्याजाण्याला.

टोकनचे पाच हजार परत मिळाले नाहीत. वाईट वाटलं, पण त्या चौदाव्या मजल्यावर वर्ष काढण्यापेक्षा ते स्वस्तात सुटलं असं मला आजही वाटतं.

त्यानंतर आमची पद्धत बदलली. घर बघायचं ते कामाच्या दिवशी, सकाळी अकरा वाजता. अकरा ही माझ्या आईची वेळ. तेव्हा तिचं घरातलं आवरलेलं असतं, मिरजेत ती त्या वेळेला पिशवी घेऊन बाहेर पडायची. मार्केटमधून भाजी, वाटेत बँक, मग लायब्ररी. जिथे घर बघायचं तिथे मी तिला कोपऱ्यावर सोडायची आणि एजंटबरोबर वर जायची. ती तासभर एकटी हिंडायची. दवाखाना किती लांब, बसायला कट्टा आहे का, फुटपाथ चालण्यासारखा आहे की त्यावर स्कूटरी लावल्यात, भाजीवाली थांबून बोलते का. परत आल्यावर ती जे सांगायची ते एजंटच्या बोलण्याहून कितीतरी उपयोगाचं असायचं.

दुसरी चौकशी तिची स्वतःची होती. पाण्याची. आमचं मिरजेतलं घर उंचावर, पण मामाचं सांगलीत गावभागात. २०१९च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा मामाचं अख्खं कुटुंब आमच्याकडे होतं. आमच्याकडची माणसं पावसाळ्यात एकमेकांना तब्येत विचारण्याआधी ‘किती फूट?’ विचारतात. त्याच वर्षी २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात अडकली होती, हजाराहून जास्त प्रवासी आत. त्या गाडीत आमच्या ओळखीचं कोणी नव्हतं, पण ती आमची गाडी आहे. मिरज-कोल्हापूरची माणसं तिला घरची गाडी मानतात. त्यामुळे कोणीतरी बदलापूरला स्वस्त आणि मोठी घरं आहेत म्हणाल्यावर आईने हात जोडले. मी वाद घातला नाही. बदलापुरात लाखो लोक सुखाने राहतात हे मला माहीत आहे. पण ज्या भीतीने रात्री झोप लागणार नाही ती घेऊन घर करायचं नाही.

मग प्रत्येक ठिकाणी आई इमारतीतल्या सगळ्यात जुन्या माणसाला गाठून विचारायची, ‘२६ जुलैला पाणी कुठवर आलं होतं?’ २००५ सालचा तो दिवस, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. मुंबई-ठाण्यात वीस वर्षांपूर्वीपासून राहणारं कोणीही या प्रश्नाला हात लावून उत्तर देतं, भिंतीवर. गुडघ्याएवढं, मीटरच्या पेटीपर्यंत, इथवर नाहीच आलं. तळमजल्याची दोन घरं आम्ही एवढ्यावरून सोडली. एकाचं भाडं माझ्या मनात अगदी बसलं होतं.

मुलुंड पूर्व मला फार आवडलं. चालण्याजोगे रस्ते, झाडं, मराठी पाट्या, आईलाही बरं वाटलं. एक घर जवळजवळ ठरलं होतं, पण तिसरा मजला आणि लिफ्ट नाही. दुसरं लिफ्टचं होतं ते चौतीस हजार. घाटकोपर तर अंतराच्या दृष्टीने सगळ्यात सोयीचं, पण तिथल्या एका सोसायटीत दारातच विचारलं, ‘मासे-मटण करता का?’ आम्ही आठवड्यातून एकदा करतो. खोटं बोलून आत शिरले असते तर पुढचे अकरा महिने आईने खिडक्या बंद करून फोडणी दिली असती. तसं घर मला नको होतं. वसईही एका सहकारणीने सुचवलं होतं, अंधेरीपर्यंत थेट गाडी म्हणून. पण महालक्ष्मी त्या बाजूला जात नाही आणि आमचं तिकडे कोणीच नाही.

ठाण्याची खरी गंमत मला लॅबमधल्या एका ताईंनी सांगितली. त्या वीस वर्षं लोकलने ये-जा करतात. म्हणाल्या, ‘जलद गाडीच्या नादाला लागू नकोस. ठाण्याहून सुटणारी धीमी पकड.’ ठाण्याहून सीएसएमटीच्या धीम्या गाड्या सुटतात, म्हणजे डबा रिकामा मिळतो. मुलुंड, नाहूर, भांडुप, कांजूरमार्ग, विक्रोळी आणि घाटकोपर. जलद गाडीपेक्षा पाच-सात मिनिटं जास्त, पण बसून. मुलुंड एकच स्टेशन पुढे, तरी तिथे चढणाऱ्यांना ही सोय नाही, सीटा ठाण्यातच भरतात. मी दोन दिवस करून पाहिलं. खिडकीची सीट मिळाली. विक्रोळी आल्यावर उभी राहिले तेव्हा समोरच्या बाईने आधीच ‘कुठे उतरणार?’ विचारून माझी जागा स्वतःसाठी धरून ठेवली होती.

शेवटी ठाण्यातच, नौपाड्यात घर मिळालं. जुनी तीन मजली इमारत, पहिला मजला, अठरा पायऱ्या. पायऱ्या बुटक्या आहेत आणि कठडा दोन्ही बाजूंना. आईने आधी चढून-उतरून पाहिलं, मग हो म्हणाली. भाडं सव्वीस हजार. स्वयंपाकघर अंधारं आहे, दिवसा दिवा लावावा लागतो. घोडबंदरच्या गॅलरीतला डोंगर मला अधूनमधून आठवतो.

करारापूर्वी दोन गोष्टींवर मी अडून बसले. नौपाड्यात जुन्या इमारती पाडून नव्या बांधण्याचं काम गल्लोगल्ली चालू आहे. म्हणून सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटून विचारलं, पुनर्विकासाचा ठराव कुठवर आलाय? मूळ मालकांना बिल्डर भाडं देतो. आमच्यासारख्या भाडेकरूला नुसती नोटीस मिळते. बोलणी चालू आहेत, पण दोन वर्षांत तरी इमारत पडणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. दुसरी गोष्ट नोंदणीची. आधीच्या एका घराचे मालक नोटरी करून भागवू म्हणत होते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणी केलेलाच लागतो आणि तो नोंदवायची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी झाली नसेल आणि वाद झाला तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. हे मी त्यांना नीट सांगितलं, त्यांना पटलं नाही, मी ते घर सोडलं. इथल्या घरमालक काकांनी स्वतःच एजंटला बोलावून घरी बसून ऑनलाइन नोंदणी केली, अंगठे आणि फोटो आमच्या समोर. पोलीस व्हेरिफिकेशनही त्यातच उरकलं.

मावशीला सांगणं सगळ्यात अवघड गेलं. ती काही बोलली नाही, उठून आत गेली आणि चहाचं आधण ठेवलं. तिला वाटलं, आम्हाला तिची अडचण होते. मी तिला माझे सातचे आणि आठचे तास पुन्हा सांगितले, पण ते कारण तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. तिथली प्रत्येक बाई हे तास तीस वर्षं काढते आहे, तीही काढत आली. आईनेच मग सांगितलं, ‘ही दमून आली की मला हिच्याशी बोलायला मिळत नाही गं.’ ते मावशीला समजलं. आता ती दर दुसऱ्या गुरुवारी येते, दुपारच्या रिकाम्या गाडीने, आणि दोघी तलावपाळीला, तळ्याच्या काठी जाऊन बसतात.

आईचे अकरा आता असे असतात: गोखले रोडपर्यंत चालत, भाजी, औषधाचं दुकान. आठवड्यातून एकदा रिक्षाने मराठी ग्रंथसंग्रहालयात. ती संस्था १८९३ सालची आहे हे कळल्यावर तिने मला दोनदा सांगितलं, जणू तिच्याच शाळेची स्थापना. सभासद झाली त्या दिवशी पावती देव्हाऱ्यापाशी ठेवली होती. पहिला महिना तिला मिरज फार आठवली, रात्री उठून बसायची. अजूनही तिथल्या घराची किल्ली ती पर्समध्येच ठेवते. मी ती काढून ठेव म्हणत नाही.

परवा दुपारपासून पाऊस थांबायचं नाव घेईना. लॅबमध्ये सगळ्यांचे डोळे मोबाइलवर, गाड्या उशिराने धावत होत्या. साडेचारला आईचा मेसेज आला. तिने खाली जाऊन पाहिलं होतं, छत्री घेऊन.

‘पाणी फाटकापर्यंत. पायरीला लागलेलं नाही. वरच्या काकूंकडे बसले आहे. सावकाश ये.’