डाव्या हाताला वादळ

शाळेच्या अंकासाठी लिहा असा फोन आला, तेव्हा सौ. म्हणाली, "तुम्ही काय लिहिणार? गणितात काठावर पास!" खरं आहे. पण भूगोलाचा एक तास मला जन्मभर पुरला.

१९६३, नववी. जूनमधली दुपार. एकदम अंधारून आलं, वावाझोडं सुटलं (आम्हा बडोदेकरांच्या तोंडी हाच शब्द आधी येतो) आणि सायकलस्टँडचे दोन पतरे उडून मैदानात पडले. जरा ओसरल्यावर सरांनी आम्हाला व्हरांड्यात उभं केलं. "वाऱ्याकडे पाठ करा. डावा हात पसरा. समुद्रावरून येणारं चक्रीवादळ असेल तर त्याचं पोट, म्हणजे मधला भाग, त्या हाताला. आजचं हे नव्हे, हा नुसता वळीव." मागून कोणीतरी "आणि उजव्या हाताला भजी" म्हणालं. छडी मात्र मला बसली.

मग थेट ९ जून १९९८. बँकेच्या बदलीवर कच्छमध्ये गांधीधामला होतो. सकाळपासून वारा वाढत होता, दिवे गेले होते. गॅलरीत जाऊन पाठ दिली: डावा हात नैर्ऋत्येला, म्हणजे पोरबंदरकडे. वादळ तिथूनच जमिनीवर आलेलं, हे नंतर कळलं. दुपारी वारा दक्षिणेचा झाला. खिडकीची काच फुटली, आम्ही जेवणाचं टेबल दाराला लावून बसलो. त्याच वाऱ्याने बारा किलोमीटरवर कंडल्याला समुद्र आत लोटला. खाडीलगतच्या झोपड्यांतली, मिठागरांतली माणसं गेली. सरकारी आकडाच हजाराच्या वर. डाव्या हाताला काय आहे ते मला कळत होतं, पण त्यांना ते सांगणारं कोणी वेळेवर पोचलं नव्हतं. हा राग अजून आहे.

आठवड्याभराने शाखा उघडली. बायका पासबुकं घेऊन येत. उन्हात वाळवलेली, पानं चिकटलेली, कडांना मिठाची पांढरी रेघ. मी स्टीलच्या पट्टीने एकेक पान सोडवायचो. एकीच्या नवऱ्याचं नाव पुसलं होतं, फोटो गेला होता, अंगठ्याचा ठसा तेवढा शाबूत. शिल्लक दोनशे चाळीस रुपये. पट्टी तिथेच ठेवून मी उठलो, पाणी प्यायलो, परत आलो. ती तशीच उभी होती.

त्या वादळाला नाव नव्हतं. आपल्याकडे नावं द्यायला २००४ साली सुरुवात झाली. २०२१ च्या मे महिन्यात आलं ते तौक्ते, म्हणजे ब्रह्मी भाषेत पाल! आता अॅपवर लाल-पिवळी भोवरी फिरताना दिसते, नातू दर दहा मिनिटांनी ती दाखवत होता. मी आपला बडोद्याला दांडिया बाजारातल्या घराच्या गच्चीवर वाऱ्याकडे पाठ करून उभा, डावा हात नैर्ऋत्येला, अटलादऱ्याच्या बाजूला.

खालून हाक आली, "अहो, वादळ सापडलं असेल तर दोरीवरचे कपडे घेऊन या!"