आईचं बायबल आणि पितळी सर्प

यंदा शब्बाथशाळेत, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, बायबलमधल्या '२ राजे' या पुस्तकाचा अठरावा अध्याय नेमका गणपतीच्या दिवसांत आला. यहूदाचा राजा हिज्कीया गादीवर येतो, उच्चस्थानं म्हणजे टेकड्यांवरची पूजास्थानं काढून टाकतो, स्तंभ फोडतो, अशेरा देवीच्या मूर्ती तोडतो. मी हा धडा अनेक वर्षं शिकवतेय आणि दर वेळी 'मूर्तिपूजा करू नका' म्हणून संपवते. या वेळी चौथीतल्या एका मुलीने विचारलं, "टीचर, मग शेजारच्या काकूंचा गणपती वाईट आहे, असं म्हणायचं का?" बाहेर कळव्याच्या गल्लीत ढोल वाजत होते. मला चटकन उत्तर सुचलं नाही.

घरी येऊन चौथं वचन पुन्हा वाचलं. हिज्कीयाने आणखी एक वस्तू फोडली होती, तिच्यावरून मी आजवर पुढेच जात होते. मोशेने केलेला पितळी सर्प!

हा सर्प काही परक्या देवाचा नव्हता. बायबलच्या 'गणना' या पुस्तकात, २१व्या अध्यायात, अरण्यात कुरकुर करणाऱ्या लोकांना विषारी साप डसले, तेव्हा देवानेच मोशेला तो करून खांबावर लावायला सांगितला. डसलेला माणूस त्याच्याकडे बघून जगला. पुढे कित्येक शतकं लोकांनी तो जपला, आणि जपता जपता त्याच्यापुढे धूप जाळू लागले. हिज्कीयाने त्याचे तुकडे केले. वचनात त्याचं नाव नहुश्तान आलंय. हिब्रूत पितळ आणि साप हे दोन्ही शब्द या नावाच्या जवळचे आहेत. म्हणजे हे नुसतं पितळ आहे, बाकी काही नाही.

हिज्कीया शेजारच्या राज्यात मूर्ती फोडायला गेला नव्हता, आधी स्वतःच्या लोकांचं घर झाडलं. येशूचा प्रेषित पौलही अथेन्समध्ये मूर्तींनी भरलेलं शहर बघून तळमळला, पण तिथे त्याने काही फोडलं नाही. 'अज्ञात देवाला' असं लिहिलेली वेदी दाखवून लोकांशी बोलला. पुढच्या रविवारी त्या मुलीला मी हेच सांगितलं. आपण मूर्तीला नमस्कार करत नाही, हे काकूंनी विचारलं तर प्रेमाने सांगायचं, आणि त्यांच्या देवाला नावं ठेवायची नाहीत.

पण सर्प माझ्या डोक्यातून जाईना.

आमच्या शोकेसमध्ये आईचं बायबल आहे. आई लग्न होऊन नगरहून कळव्याला आली, तेव्हा सोबत आणलेलं. ती गेल्यावर ताईने त्याला हिरव्या मखमलीचं कव्हर शिवलं. तेव्हापासून मुलाची परीक्षा असो की यांची तब्येत, मी त्यावर हात ठेवून डोकं टेकवते. रोज वाचते ते मोबाइलवर. ते बायबल मात्र उघडायचं नाही, पानं फाटतील म्हणून. आईच्या वस्तूला मी अशी जपत होते आणि आईने ज्यासाठी ते आणलं होतं, ते त्यातून कधीचं गेलं होतं. हे लिहितानाही घसा दाटतोय.

त्या रात्री मखमल काढली. खाडीच्या दमट हवेने पानं कडेला चिकटली होती, कसरीने स्तोत्रसंहितेचा एक कोपरा खाल्ला होता. आणि पानोपानी आईची पेन्सिल. एका ठिकाणी बारीक अक्षरात, 'पाऊस. लोकल बंद. हे घरी आले नाहीत अजून.' त्याच्या शेजारी स्तोत्र १२१ खाली रेघ. ती या पुस्तकापुढे डोकं टेकत नव्हती. कांदा चिरलेल्या हातांनी ते उलटायची, त्यात पावसाचा हिशेब लिहायची.

योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात येशू स्वतः त्याच सर्पाची गोष्ट सांगतो: मोशेने अरण्यात जसा सर्प उंच केला, तसं मनुष्याच्या पुत्राला उंच केलं जाणं भाग आहे. पितळ कधीच मोडलं होतं, गोष्ट तेवढी राहिली होती.

आता संध्याकाळच्या कुटुंबप्रार्थनेला आम्ही तेच बायबल वाचतो. काल गणना २१ काढताना पान मधोमध टरकलं. मी थांबले. मुलाने हळूच दोन्ही भाग जोडून धरले आणि पुढचं वचन वाचायला लागला.