तांदळात कोरलेलं नाव आणि वकिलीचा प्रवेश

माझं एक वर्ष एका सहीवाचून गेलं. सही भटजींची हवी होती, आणि भटजी दहा-बारा वर्षांपूर्वीच वारले होते.

मी १९९७ ची बी.ए., शिवाजी विद्यापीठ. १९९८ च्या मे महिन्यात लग्न झालं. मुलं जरा मोठी झाल्यावर तालुक्याच्या कोर्टासमोर एका वकीलसाहेबांकडे टायपिंगला बसायला लागले, ती चौदा वर्षं बसले. भाडेकरार, वाटणीपत्रं, वारसाचे अर्ज, कैफियती, सगळं माझ्या बोटांखालून गेलंय. 'मी खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देते की' हे वाक्य तर झोपेतून उठवलं तरी टाईप करीन. धाकटी इंजिनिअरिंगला गेली आणि २०२३ मध्ये मी ठरवलं, आता आपण स्वतः वकिलीची सनद घ्यायची. वय ४७.

वयाचं पहिल्यांदा सांगते, कारण सगळ्या बायका मला तेच विचारतात. वयाची अट नाही. २०१६ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने तीन वर्षांच्या एलएलबीला तीस वर्षांची मर्यादा पुन्हा आणायचं परिपत्रक काढलं होतं, पण २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली. प्रवेशासाठी सीईटी, म्हणजे सामायिक प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. ती कॉम्प्युटरवर असते, दोन तासांची, प्रश्न मराठीतही दिसतात आणि चुकलं तर गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न सोडू नका. मी रोज पहाटे पाच ते सात अभ्यास केला, चांगले गुण पडले.

आणि मग प्रवेशाचा ऑनलाइन अर्ज परत आला. खाली शेरा: नावात तफावत.

तफावत म्हणजे काय, तर दहावीपासून बी.ए.पर्यंतच्या मार्कशीटवर माहेरचं नाव, आणि आधार, रेशनकार्ड, डोमिसाइल सगळं सासरच्या नावावर. नुसतं आडनाव आणि मधलं नाव नव्हे, आमच्याकडे मुलीचं पहिलं नावही बदलतात. मी प्रतिज्ञापत्र जोडलं होतं, ते चाललं नाही. नाव बदलल्याचं राजपत्र (सरकारी गॅझेट) नाहीतर विवाह नोंदणी प्रमाणपत्र द्या म्हणाले. राजपत्रासाठी चौकशी केली तर तिथेही लग्नाचा दाखला मागितला. आमच्या लग्नाची नोंदणीच झालेली नव्हती. त्या काळी आमच्या गावात कोण करत होतं?

गेले नोंदणीच्या कार्यालयात. नमुना 'ड' भरायचा, नवरा-बायकोच्या सह्या, तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, लग्नपत्रिका, फोटो. पत्रिका सासूबाईंच्या ट्रंकेत नऊवारीच्या घडीत सापडली, हळदीचा डागही तसाच होता. मला वाटलं झालं काम.

खिडकीतल्या माणसाने पत्रिका वाचली. "चि. सौ. कां. म्हणून हे दुसरंच नाव आहे. यात तुमचं नाव कुठंय?"

मी म्हटलं, "हे माझंच. लग्नात नाव बदललं."

"त्याचा पुरावा?"

दुसऱ्या दिवशी मी लग्नाचा अल्बम घेऊन गेले. त्यात तो फोटो आहे. ताटात पसरलेले तांदूळ, त्यात यांनी अंगठीने लिहिलेलं माझं नवं नाव. शेवटची वेलांटी ताटाच्या काठाला टेकलीय, कारण यांनी सुरुवातच मोठ्या अक्षरात केली होती. ताटाशेजारी माझा हात, हिरवा चुडा, कोपरापर्यंत मेंदी. त्या माणसाने पान उलटलं आणि म्हणाला, "फोटोवरून नाव धरत नाहीत." लग्नात माझं नाव बदलल्याचा सबंध जगात तेवढा एकच पुरावा होता, आणि तो त्याने नीट बघितलाही नाही. तो राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

मग भटजी. वारले म्हटल्यावर, त्यांचा मृत्यूचा दाखला आणा. त्यांचा मुलगा पुण्याला नोकरीला, त्याचा पत्ता काढून दाखला मिळेपर्यंत तीन आठवडे गेले. तो नेऊन दिला तर म्हणे, "यावरून ते वारले एवढंच कळतं. तुमचं लग्न त्यांनीच लावलं कशावरून?" त्यानंतर दोन फेऱ्या साहेब दौऱ्यावर म्हणून फुकट. शंभराचा स्टॅम्पपेपरही मागितला. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे, साधा कागद चालतो, हे मला चौदा वर्षांच्या नोकरीमुळे माहीत होतं. ज्याला माहीत नसतं तो मुकाट्याने आणून देतो.

तोवर प्रवेशाच्या सगळ्या फेऱ्या संपल्या. सीईटीचे गुण त्या वर्षापुरतेच, म्हणजे परीक्षाही पुन्हा. त्या रात्री मी जेवले नाही. यांनी फक्त एवढंच विचारलं, "तू आजवर त्यांना एकदा तरी लेखी दिलंस का?"

नव्हतं दिलं. इतरांचे शेकडो अर्ज टाईप करणारी मी, स्वतःच्या कामासाठी पाच महिने खिडकीशी तोंडी बोलत उभी होते. सकाळी ऑफिसात लवकर गेले आणि अर्ज केला. १९९८ चा विवाह नोंदणीचा अधिनियम, सरकारी सेवा ठरलेल्या मुदतीत मिळण्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क अधिनियम, दोन्हींचा उल्लेख केला. भटजी हयात नाहीत, दाखला सोबत, पती-पत्नीचं प्रतिज्ञापत्र आणि लग्नाला हजर असलेले तीन साक्षीदार तयार आहेत. नोंदणी करायची नसेल तर कारण लेखी कळवावं, म्हणजे मला अपील करता येईल. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक क्रमांक, म्हणजे अर्ज पोचल्याचा नोंद क्रमांक, आणि शिक्का घेतला. नवव्या दिवशी फोन आला. मामेसासरे, माझी कॉलेजची मैत्रीण आणि तेव्हाचे शेजारी असे तिघं साक्षीला आले. दौऱ्यावरचे साहेब त्या दिवशी जागेवर होते, कागद वाचून दहा मिनिटांत सही केली. दहा मिनिटं!

कुठल्याही कार्यालयात दुसरी फेरी मारायची वेळ आली की लेखी द्या आणि आवक क्रमांक घ्या. तोंडी विचारलं की उत्तर तोंडीच मिळतं, आणि ते दर फेरीला बदलतं.

राजपत्राला मात्र काही त्रास झाला नाही. अर्ज ऑनलाइन, पैसे ऑनलाइन, आणि थोड्याच दिवसांत भाग दोनमध्ये माझी दोन्ही नावं एका ओळीत छापून आली. तो कागद मी चार वेळा वाचला. आधी हे करून मग सीईटीचा फॉर्म भरायला हवा होता, तुम्ही तसंच करा. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही आधीच करून ठेवा, माझा खंड सत्तावीस वर्षांचा होता. आणि हजेरी ७० टक्के लागते, घरी बसून एलएलबी होत नाही, म्हणून घरच्यांशी आधी बोला.

२०२४ ला प्रवेश मिळाला. त्याच वर्षी १ जुलैपासून जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. खुनाचं ३०२ गेलं, १०३ आलं, फसवणुकीचं ४२० जाऊन ३१८ आलं. तीस-तीस वर्षं वकिली केलेले आमचे साहेबसुद्धा नवं पुस्तक उघडून कलमं पाठ करत होते. वर्गातली मुलं मला काकू म्हणतात, पण त्या पुस्तकापुढे मी, ती मुलं आणि साहेब एकाच बाकावर होतो. मला फार बळ आलं त्याचं.

प्रवेशाच्या वेळी क्लार्क ताईंनी विचारलं, कुठलं नाव लावायचं? जे लावाल तेच पुढे पदवीवर आणि सनदेवर येईल, तेव्हा इथे घाई करू नका. मी घरी यांना विचारलं. म्हणाले, "शिकलीस त्या नावाने, तेच लाव." पहिल्या दिवशी सरांनी हजेरी घेतली तेव्हा ते नाव मला एकदम ओळखूच आलं नाही. सरांनी दुसऱ्यांदा पुकारलं, आणि मी उभी राहून "हजर" म्हटलं.