लिटरला किती?

नवी गाडी घेतली की पेढा तोंडात असतानाच आपल्याकडे विचारतात, "ॲव्हरेज किती देते?" रंग, सीट, एसी हे सगळं मागाहून. मालकही दोन-तीन किलोमीटर वर चढवूनच सांगतो, ऐकणारा मनातल्या मनात तेवढे वजा करतो आणि व्यवहार चोख होतो. हाच प्रश्न बर्था बेंझ यांना कोणी विचारला असता तर त्या काय म्हणाल्या असत्या, असं मला राहून राहून वाटतं.

ऑगस्ट १८८८. कार्ल बेंझ यांना तीनचाकी मोटारीचं पेटंट घेऊन अडीच वर्षं होऊन गेली होती, पण गिऱ्हाईक काही फिरकत नव्हतं. तेव्हा बर्थाबाईंनी नवऱ्याला न सांगता गाडी बाहेर काढली, पंधरा आणि तेरा वर्षांची दोन पोरं बरोबर घेतली आणि जर्मनीतल्या मानहाइमहून शंभरेक किलोमीटरवरच्या फोर्झहाइमला, माहेरी निघाल्या. गाडीत इंधन मावायचं जेमतेम साडेचार लिटर. खप शंभर किलोमीटरला सुमारे दहा लिटर, म्हणजे लिटरला दहा. आजच्या काही थोराड गाड्या शहरातल्या ट्रॅफिकमध्ये याच्या पुढेमागेच असतात. अर्थात त्या दोन टनांचं धूड हलवतात आणि ही होती लाकडी चाकांची बग्गी, त्यामुळे फार कौतुक करण्यात अर्थ नाही.

हिशेब सरळ होता. टाकी पंचेचाळीस किलोमीटरमध्ये रिकामी आणि वाटेत पंप एकही नाही, कारण पंप नावाची गोष्टच जन्माला यायची होती. विसलोख गावात बाईंनी औषधाचं दुकान गाठलं आणि लिग्रोइन मागितलं. कपड्यांवरचे डाग काढायला लोक ते बाटलीतून नेत. बाईंना ते गाडीत ओतायचं होतं. ते दुकान आज जगातला पहिला पेट्रोल पंप म्हणून मिरवतं.

पण इंधनापेक्षा जास्त छळलं ते पाण्याने. इंजिन थंड ठेवायला पाणी लागायचं आणि ते वाफ होऊन उडून जायचं. त्यामुळे दिसेल त्या विहिरीवर, ओढ्यावर, खानावळीशी थांबून पाणी भरणं आलं. चढावर गाडी दम टाकायची, मग पोरं खाली उतरून ढकलायची. इंधनाच्या नळीत कचरा अडकला तो बाईंनी टोपीच्या पिनेने काढला. साखळीला लोहार शोधावा लागला आणि झिजलेल्या ब्रेकच्या ठोकळ्यांवर चामडं ठोकून घ्यावं लागलं. अशा प्रवासात लिटरला किती हा प्रश्न कोण विचारणार? दिवेलागणीपर्यंत पोचतो का, एवढंच. पोचल्या. घरी तार गेली. पुढे कार्लसाहेबांनी चढासाठी गाडीला आणखी एक गिअर बसवला. तो बसण्यात पोरांच्या दंडांचा वाटा मोठा.

वीस वर्षांनी फोर्डची मॉडेल टी आली तेव्हा ॲव्हरेज हा विषय खरोखर माणसाच्या हातात होता. स्टिअरिंगखाली दोन दांड्या: डावीकडची इंजिनातल्या ठिणगीची वेळ पुढेमागे करायला, उजवीकडची वेग द्यायला. शिवाय डॅशवर एक मूठ. ती फिरवली की कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण बदलायचं. गाडी गार असताना पेट्रोल जास्त द्यायचं आणि तापली की मूठ हलके हलके फिरवून कमी करत जायचं. इंजिन अडखळू लागलं की पुन्हा किंचित मागे. कान तयार असलेला माणूस त्याच गाडीतून चार मैल जास्त काढत असणार, याबद्दल मला शंका नाही. कंपनी सांगायची तो हिशेब आपल्या मापात लिटरला साधारण साडेपाच ते नऊ किलोमीटर पडतो. एवढं अंतर मध्ये सोडणारी कंपनी निदान प्रामाणिक म्हणायची.

टाकी अडतीस लिटरची, पुढच्या सीटखाली. काटा नाही. पेट्रोल किती उरलंय बघायचं तर सगळ्यांनी उठायचं, गादी उचलायची, झाकण काढून लाकडी पट्टी आत बुडवायची आणि ओल कुठवर आली ते वाळायच्या आत वाचायचं. पेट्रोल इंजिनात ढकलायला गाडीत पंप नव्हता, ते नुसत्या उताराने यायचं. त्यामुळे टाकी खाली गेलेली असताना उभा चढ लागला की कार्ब्युरेटर टाकीच्या वर जायचा आणि गाडी बंद पडायची. मग लोक गाडी वळवून रिव्हर्समध्ये चढ चढत. पेट्रोल संपल्यावर स्कूटर आडवी करून पुन्हा किका मारणाऱ्या आमच्या पिढीला हे वेगळं समजावून सांगायला नको. तरी खंबाटकी घाटात अख्खं कुटुंब पाठमोरं वर येताना मी डोळ्यांसमोर आणलं आणि बराच वेळ हसत बसलो.

याच काळात विजेच्या गाड्याही रस्त्यावर होत्या. "फुल चार्जला किती जाते?" हे कोडं आपल्याला नवं वाटतं, पण डेट्रॉइट इलेक्ट्रिकच्या जाहिराती तेव्हाच ऐंशी मैलांचा वायदा करत होत्या आणि एका चाचणीत तर गाडी एका चार्जवर ३४० किलोमीटर गेली. रोजच्या वापरात तेवढी जात नसणारच. वेगही बेताचा, ताशी तीसेक किलोमीटर. पण हँडल मारायला नको, धूर नाही, खडखडाट नाही. गावातल्या गावात भेटीगाठींना जायचं तर याहून जास्त हवं कशाला? क्लारा फोर्ड यांचंही मत बहुधा हेच असावं. नवरा लाखांनी पेट्रोलच्या गाड्या विकत होता आणि बाई स्वतः डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवत होत्या.