तुम्ही विचारलंत म्हणून: संकासुर आणि रबरी जनावर

"काका, तुम्हीही लोकांना घाबरवून हसवता. मग आमच्या प्रँक व्हिडिओंवर एवढा राग का?"

गोव्यात पेडण्याकडे दहीकाल्याच्या, म्हणजे दशावतारी नाटकाच्या रात्री रंगपटात बसलो की हा प्रश्न एखादा तरी पोरगा विचारतोच. २२ वर्षं मी दशावतारात संकासुर करतोय. अंगभर काळा पेहराव, तोंडावर काळा बुरखा आणि त्यातून लोंबणारी लालभडक जीभ. मांडावर, म्हणजे खेळाच्या जागेवर आलो की पुढे बसलेली पोरं किंचाळत आयांच्या पदराआड शिरतात. तेव्हा प्रश्न रास्त आहे, आणि एका वाक्यात उत्तर देऊन तो मिटवावा असं मला वाटत नाही.

राग सरसकट नाही. फ्रान्समधल्या मोंपेलिए शहरातला रेमी गायार हा तर माझा आवडता माणूस. नोकरी गेल्यावर तो अशा खोड्या काढून त्यांचं चित्रीकरण करू लागला. वाट्टेल ते करत गेलं की माणूस वाट्टेल तो होतो, अशा अर्थाचं त्याचं ब्रीदवाक्य आहे. २००२ साली फुटबॉलच्या फ्रेंच कपच्या अंतिम सामन्यात लोरिआँने बास्तियाला १-० असं हरवलं. जल्लोष सुरू झाला तेव्हा गायार लोरिआँची जर्सी घालून खेळाडूंमध्ये मिसळला. त्याने चाहत्यांना सह्या दिल्या, आणि खुद्द राष्ट्राध्यक्ष जाक शिराक यांनी खेळाडू समजून त्याच्याशी हस्तांदोलन केलं! हे पाहताना मला नटाची निर्भयता दिसते. एवढी सुरक्षा, एवढा मानमरातब, आणि त्यातून एक बेकार तरुण नुसत्या वेशाच्या जोरावर आरपार जातो. ज्याला फसवलं तो देशातला सर्वांत बलवान माणूस होता, आणि त्याचं काहीच बिघडलं नाही. आपल्या सोंगांची परंपरा याहून वेगळं काय करते?

याच गायारने २०१४ साली एक व्हिडिओ केला. रस्त्यावर, बागेत वाकलेल्या किंवा पहुडलेल्या अनोळखी बायका आणि त्यांच्या मागे लांबवर उभा राहून चाळे करणारा तो. कॅमेऱ्याचा कोन असा, की तो त्यांच्याशी संग करतोय असं दिसावं. फ्रान्समध्ये त्यावर मोठा गदारोळ झाला. मला तो व्हिडिओ पुरा बघवला नाही. पुढे २०१६ साली हाच माणूस मोंपेलिएच्या प्राणी-आश्रयगृहात कुत्र्याच्या पिंजऱ्यात स्वतःला कोंडून घेऊन बसला आणि बेवारस जनावरांसाठी दोन लाख युरोंच्या आसपास निधी जमला. माणूस तोच, धाडस तेच. पिंजऱ्यात तो स्वतः बसला. त्या व्हिडिओत मात्र त्याने दुसऱ्यांना बसवलं, आणि त्यांना कळूही दिलं नाही.

नाटकात आम्ही ज्याला 'पात्र' म्हणतो, त्याने ते काम पत्करलेलं असतं. मांडावर किंचाळणाऱ्या पोरालाही ठाऊक असतं की हा संकासुर आहे, याने वेद चोरलेत आणि थोड्या वेळाने विष्णू याला मारणार आहे. तरीही एखादं लेकरू खरंच भेदरलं तर मी बुरखा थोडा वर करतो. हे मला माझ्या गुरूंनी पहिल्याच वर्षी शिकवलं: भीती डोळ्यांत दिसली की थांबायचं, हशा कितीही येत असला तरी.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या एका मॉलमध्ये एप्रिल २०२३मध्ये टॅनर कुक नावाच्या तरुणाने जेवण पोचवणाऱ्या एका माणसाच्या तोंडासमोर फोन धरला. फोनमधून एक अर्थहीन, घाणेरडं वाक्य पुन्हा पुन्हा वाजत होतं. तो माणूस 'थांब' म्हणाला, मागे सरला, फोन हाताने बाजूला सारला. कुक थांबला नाही. शेवटी त्या माणसाने पिस्तूल काढून गोळी झाडली. कुक वाचला. ज्यूरीने गोळी झाडणाऱ्याला गंभीर दुखापतीच्या आरोपातून सोडलं. गोळीचं समर्थन मी करणार नाही. पण मला सतत आठवतं ते त्याचं मागे सरणं.

आता घरातली गोष्ट. माझा भाचा आमच्या नाटकाचे दिवे सांभाळतो, गुणी पोर. दोन वर्षांपूर्वी त्याने आणि त्याच्या मित्रांनी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका म्हातारीच्या टोपलीत रबरी साप टाकला. अबोलीच्या फाती, म्हणजे वेण्या विकते ती. व्हिडिओ खूप चालला. त्याने मोठ्या कौतुकाने मला दाखवला: म्हातारी उडते, टोपली उलटते, अबोली रस्ताभर. मी म्हटलं, कापलेला भाग दाखव. व्हिडिओ एका जागी मध्येच तुटल्यासारखा वाटला होता, ते मला खटकलं होतं. नाटकवाल्याला तेवढं कळतं.

कापलेल्या भागात म्हातारी स्वतः पळत नाही. आधी ती शेजारी उभ्या असलेल्या माझ्या भाच्याच्या छातीवर हात ठेवून त्याला मागे ढकलते आणि ओरडते, "पयस सर पुता, जनावर आसा!" दूर हो पोरा, साप आहे!

हे त्यांनी कापलं, कारण यात कुणाला हसू आलं नसतं.

पुढच्या शुक्रवारी मी त्याला घेऊन म्हापशाला गेलो. जागा रिकामी होती. शेजारच्या बाईने सांगितलं, टोपलीत जनावर निघालं तेव्हापासून तिने धास्ती घेतलीय, टोपली जाळून टाकली. पोरं चित्रीकरण करून पळाली होती. साप रबरी होता हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आणखी दोन शुक्रवार गेले, मग ती आली, नवी टोपली घेऊन. भाच्याने खिशातून तो साप काढून तिच्यासमोर धरला आणि खाली मान घालून सगळं सांगितलं. तिने साप हातात घेतला, दाबून पाहिला, परत दिला.

"मागीर त्याच वेळार कित्याक सांगूंक ना?" तिने विचारलं. मग त्याच वेळी का नाही सांगितलंस?

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही, कारण प्रश्न त्याला होता.