मोरीत आलेला डोंगर

नालेसफाईचं बिल अडलं, म्हणून मला येऊरचा डोंगर चढावा लागला.

मी ठाण्यात पर्जन्यजल वाहिन्यांचं काम बघणारा कनिष्ठ अभियंता. डोंगराच्या पायथ्याशी नाला वस्तीत शिरतो, तिथली मोरी आम्ही मे महिन्यात तळापर्यंत साफ केली होती. मी स्वतः आत उतरून टेपने खोली मोजली होती. जूनच्या पहिल्या दोन मुसळधार पावसांत ती पुन्हा अर्धी भरली आणि शेजारच्या चाळीत पाणी शिरलं. एका घरात गुडघाभर पाण्यावर शाळेची नवी दप्तरं तरंगत होती. कंत्राटदाराने गाळ काढलाच नाही, जुने फोटो लावले, असं वरपर्यंत बोललं गेलं. त्या फोटोंखाली सही माझी होती.

सकाळी मुकादम गाळाची पाटी वर देत होता. मी मूठभर गाळ घेऊन बोटांनी चोळला. वस्तीतल्या गाळात प्लास्टिक निघतं, उग्र वास येतो. हा काळा होता, पिठासारखा मऊ, आणि मधेच कोळशाचे कण करकरत होते. सागाच्या पानाचा एक तुकडा निघाला, कडेने जळलेला. मुकादम म्हणाला, "साहेब, हा वरचा माल आहे."

दोन दिवसांपासून उघडीप होती. ओळखीच्या वनरक्षक मॅडमना फोन केला आणि त्यांच्यासोबत नाल्याच्या काठाने चढू लागलो. येऊर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं ठाण्याकडचं अंग. याच उद्यानात 1860 चा विहार आणि 1879 चा तुळशी तलाव आहेत; मुंबईच्या पाण्यासाठी त्यांचं पाणलोट जंगल राखलं गेलं. हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. अर्ध्या तासाने नाल्याचे दोन ओहोळ झाले. डावा आटून नुसता काळा चिखल उरला होता. उजवा वाहत होता, तळाचे खडे दिसतील इतका नितळ. दोघांवर पाऊस एकच पडलेला, मधे जेमतेम दोनशे पावलं.

"डावीकडे मार्चमध्ये वणवा लागला," मॅडम म्हणाल्या. "तिथे जवळजवळ दरवर्षी लागतो. कुणाची विडी, कुणाची शेकोटी. आम्ही रात्रभर डहाळ्यांनी झोडपून आग ह्या ओहोळापाशी रोखली."

झाडं मेली नव्हती. ऐनाची मगरीच्या पाठीसारखी साल बुंध्याशी काळी पडलेली, वर मात्र कोवळी पालवी. लांबून बघणाऱ्याला डोंगर हिरवाच दिसला असता. बिघडलं होतं ते पायाखाली.

मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही. सॅकमध्ये चार इंची पाइपचा वीतभर तुकडा होता. तो उजवीकडच्या जमिनीत ठोकला आणि लिटरभर पाणी ओतलं. चार मिनिटांच्या आत जिरलं. डावीकडे तेवढंच ओतलं, तर वीस मिनिटांनी निम्मं पाणी तसंच उभं.

मी उजवीकडे गुडघे टेकून पाला उकरला. वर सागाची, ऐनाची, कुड्याची यंदा गळलेली पानं. त्याखाली अर्धी कुजलेली, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी एकमेकांना शिवल्यासारखी. त्याखाली भुसभुशीत काळी माती, गांडुळांची विष्ठा, वाळवीची भोकं. थेंब आधी पानावर आपटतो, मग सावकाश आत उतरतो. डावीकडे थेंब थेट मातीवर. राखेने भोकं बुजलेली, वर पापुद्रा धरलेला, आणि पाणी अळवाच्या पानावरून निसटावं तसं खाली पळतं, जाताना माती घेऊन.

अकरा वर्षं मी मोजमाप वहीत पाचोळ्यापुढे 'कचरा' लिहीत आलो आहे. जाळीत अडकून चेंबर तुंबवणारी वस्तू, एवढीच माझी त्याच्याशी ओळख होती.

पलीकडे पाड्यावरच्या एक मावशी शेवळं ही रानभाजी काढत होत्या. काकडाची आंबट फळं टाकल्याशिवाय शिजवू नका, घसा खाजेल, हे त्यांनी न विचारताच बजावलं. मग ओहोळाकडे हात करून म्हणाल्या, "ह्या अंगाचा झरा होळीपर्यंत चालतो. तिकडचा दिवाळीलाच आटतो." पावसाळ्यानंतर आठ महिने कोरडे जाणाऱ्या पानझडी जंगलात हा चार महिन्यांचा फरक म्हणजे कुणाच्या तरी डोक्यावरचा हंडा किती लांबून यायचा, त्याचा हिशेब.

उतरताना डोक्यात भरतीचं वेळापत्रक फिरत होतं. आमचा नाला शेवटी खाडीला मिळतो. साडेचार मीटरची भरती असली की खाडी पाणी घेत नाही, उलट मागे ढकलते. भरती उतरायला साधारण सहा तास. डोंगराचं पाणी रेंगाळत आलं तर नाला पेलतो. अर्ध्या तासात धावत आलं तर मोरी कितीही रुंद करा, चाळीत शिरणारच. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, तसल्या पावसापुढे जंगलही हात टेकेल. पण आमची चाळ बुडते ती दरवर्षीच्या पावसात, आणि तिथे ही वीतभर पाचोळ्याची गादी माझ्या सगळ्या पंपांपेक्षा जास्त काम करते, असं माझं ठाम मत आहे.

अहवालात दोन गोष्टी मागितल्या: डाव्या ओहोळावर दगडी बंधारा आणि फेब्रुवारीआधी जाळरेषेला, म्हणजे वणवा अडवायला पाला काढून मोकळा ठेवायच्या पट्ट्याला, माणसं. 'विषय आपल्या अखत्यारीत नाही' असा शेरा येऊन फाइल परत आली. मी त्याच मोरीतून निघालेल्या गाळाच्या डंपरफेऱ्यांचा खर्च जोडून ती पुन्हा वर पाठवली आहे. बिल तेवढं सुटलं.

फेब्रुवारीत रजा टाकून मी आणि मुकादम जाळरेषेच्या कामाला गेलो. दाताळ्याने पाला ओढताना तो सवयीने पाटी भरू लागला. मी म्हटलं, "भरू नको रे. उजव्या अंगाला आत नेऊन पसर."